आयसी की एनसी? शिरोली ते बीरगंज

शिरोली एमआयडीसीत माझा लहानसा कारखाना आहे. गुऱ्हाळाच्या चरकाचे रोलर, गिअर आणि आस ज्यात फिरतो ते पितळी बुश, एवढंच काम. आपल्याकडची गुऱ्हाळं कमी होत चालली, आणि नेपाळच्या तराईत बारा, सर्लाही भागात ऊस भरपूर. म्हणून गिऱ्हाईक शोधायला डिसेंबरात नेपाळच्या सीमेवरच्या बीरगंजला जाऊन आलो. सोबत चपलांचा धंदा करणारा मित्र होता.

कोल्हापूरहून मुंबई, तिथून आपल्या बाजूच्या सीमेवरच्या रक्सौलची गाडी. बिहारात ती किती रेंगाळली ते सांगत बसत नाही. रक्सौलातून ई-रिक्षा केली, मैत्री पूल ओलांडला की समोर शंकराचार्य द्वार. व्हिसा नाही, शिक्का नाही. खिशात मतदार कार्ड किंवा पासपोर्ट असू द्या, आणि घड्याळ 15 मिनिटं पुढं करा.

माझी चूक तिथंच झाली. माणसं इतकी बिनधास्त ये-जा करत होती की पिशवीतले नमुन्याचे सहा बुशही तसेच जातील असं वाटलं. भन्सारवर, म्हणजे नेपाळच्या कस्टमवर, पिशवी उघडायला लावली आणि बिल मागितलं. माझ्याकडं चिठ्ठीसुद्धा नव्हती. दोन तास बसलो आणि बुश परत रक्सौलच्या लॉजवर ठेवून आलो. सीमा माणसाला उघडी आहे, मालाला नाही. नमुना असला तरी बिल करून, दाखवूनच न्या.

दुपारी बीरगंजच्या बाजारात एकानं मागून हाक मारली, "पावणं, कोल्हापूरचं काय?" विट्याकडचा गलाईवाला! सोनं-चांदी गाळायला ही माणसं देशभर पांगली आहेत, पण इथं भेटतील असं वाटलं नव्हतं. त्यानं पहिला धडा दिला: भाव ऐकला की आधी विचारायचं, आयसी की एनसी? आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. 1 भारतीय रुपयाला 1.60 नेपाळी, हा दर 1993 पासून बांधलेला. त्यामुळं चलनाचा चढउतार डोक्यात ठेवावा लागत नाही, आणि बिलाचे पैसे बँकेतून भारतीय रुपयांत घेता येतात. हातखर्चाला मात्र शंभराच्या नोटा न्या.

आता धंद्याचं. रोलरचा विषय पहिल्याच दुकानात मिटला. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जड काम त्यांना हावड्याहून मिळतं, आपल्या मालाच्या वजनाचं भाडंच सगळं खाऊन टाकतं. बुश आणि लहान गिअरला मात्र विचारणा झाली, कारण वजन कमी आणि हंगामात झिजणारा माल. भेट म्हणून नेलेल्या गुळाचं त्यांना काही कौतुक नाही, त्यांची भेली असतेच. मित्राच्या कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे त्यानं तीनदा सांगितलं. व्यापाऱ्यानं चप्पल उलटीपालटी करून फक्त भाव विचारला आणि खाली ठेवली. मला त्यात व्यापाऱ्याची चूक दिसली नाही.

कागदांचं काम कोल्हापुरातच उरकून निघा. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर, ऑनलाइन निघतो, फी 500 रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता माल निर्यात करायचं हमीपत्र, भरलं नाही तर आधी कर भरा आणि मग परताव्याची वाट बघत बसा. निर्यातीचे पैसे ज्या बँकेत येणार तिचा एडी कोड रक्सौलच्या कस्टमसाठी नोंदवलाय का ते बघा. कस्टमला द्यायचा निर्यातीचा कागद म्हणून जमिनीवरून जाणाऱ्या मालाला शिपिंग बिल नाही, बिल ऑफ एक्स्पोर्ट लागतं. ते काम रक्सौलचा कस्टम एजंट करतो, आणि ट्रक गावाबाहेरच्या आयसीपीतून, म्हणजे एकात्मिक तपासणी नाक्यातून, जातो. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधलं वजन किलोभरही वेगळं असू देऊ नका.

समोरच्या गिऱ्हाइकाकडं नेपाळचा एक्झिम कोड, म्हणजे तिकडचा आयात-निर्यातीचा नंबर, आहे का, हे चहा पिण्याआधीच विचारा. नसेल तर चहा पिऊन उठा. भन्सार महसूल आणि वर 13 टक्के व्हॅट तो भरणार, म्हणून तुमचा भाव त्याच्या दुकानात कितीला पडतो हे त्याच्यासमोर बसूनच मांडा. मी घरी मांडलेला हिशोब तिथं पहिल्या पाच मिनिटांतच चुकला.

शनिवारी तिकडं सुट्टी, रविवारी आपल्याकडं बँका बंद, म्हणून सोमवारी पोचा. दसऱ्यापासून छठपर्यंत तर जाऊच नका. बाजार सणात असतो आणि बिहारकडच्या गाडीत उभं राहायलाही जागा मिळत नाही. मी बुशचे नमुने आता बिलासकट पाठवतोय.