चोपड्याचं ऊन, तोरणमाळचा गारवा आणि मोहाची बाटली

चोपड्याला मावशीच्या घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. जिन्याखालच्या अंधारात ज्वारीचं मोठं पातेलं झाकून ठेवलेलं. झाकण उचललं आणि तो वास आला. आंबट, ताकासारखा, खाली ओल्या धान्याचा जडपणा. शेजारच्या आजींनी भिंतीपलीकडून विचारलं, "आंबनं का वं?" मावशी म्हणाली, "आजून एक रात लागी."

बिबड्यांची, म्हणजे आंबवलेल्या ज्वारीच्या पापडांची तयारी होती ती. खानदेशात एप्रिल म्हणजे गच्चीवर बिबडे. ज्वारीला पाण्याचा हात लावून कांडायची, कोंडा काढायचा, मग तीन दिवस पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून भरडायची आणि लसूण, मिरची, तीळ, जिरं घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचा. वाळल्यावर कापडाच्या मागून पाणी शिंपडलं की बिबडा अलगद सुटतो. पण थापायच्या आधी वाटीत घेतलेला गरम घाटा आणि त्यावर कच्चं शेंगदाणा तेल, यासाठी मी पुण्याहून रात्रभर प्रवास करून येऊ शकते.

या वेळी आले ते आणखी एका कारणासाठी. गेली दोन वर्षं माझ्या ओट्यावर बरण्या असतात. आवळ्याची कांजी, जांभळाचा शिरका म्हणजे व्हिनेगर, आणि एका बाटलीत आल्याचं विरजण. ते विरजण म्हणजे सालीसकट किसलेलं आलं, साखर आणि पाणी, एवढंच. आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट असतंच. रोज चमचाभर आलं आणि चमचाभर साखर घालत गेलं की पाचसहा दिवसांत बुडबुडे येतात, आणि मग त्यातले दोन चमचे कुठल्याही गोड रसाला फसफसवतात. मला मोहाच्या फुलांवर हा प्रयोग करायचा होता. आणि मोह बघायचा तर सातपुड्यात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी दारू गाळत नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा १९४९ पासून आहे, परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं गुन्हा आहे. माझी पेयं फेस येताच फ्रिजमध्ये जातात. पण यीस्टनं साखर खाल्ली की वायूबरोबर थोडं अल्कोहोल तयार होतंच, कितीही कमी वेळ ठेवलं तरी. म्हणून लहान मुलांना आणि गरोदर बायकांना मी ही पेयं देत नाही.

चोपड्यात पहिल्याच दिवशी माझं गणित चुकलं. गूळ, लिंबू आणि आल्याचं विरजण घालून एक काचेची बाटली भरली, बूच घट्ट लावलं आणि पुण्याच्या सवयीनं मनाशी म्हटलं, उद्या संध्याकाळी बघू. बाहेर ४३ अंश होते. रात्री जेवताना स्वयंपाकघरातून मोठा आवाज झाला. बाटली फुटली होती, काचा डाळीच्या डब्यापर्यंत गेल्या होत्या. तिथं त्या वेळी कुणी उभं नव्हतं हे आमचं नशीब. मावशी काही बोलली नाही, झाडू आणला. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. तेव्हापासून मी फसफसणारं काहीही फक्त सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरते. दाबून बघायचं. बाटली दगडासारखी झाली की बूच सैल करायचं आणि गार करायला ठेवायची.

सकाळी मावशीनं मला पातेल्यासमोर बसवलं. तिला यीस्ट, बॅक्टेरिया असले शब्द लागत नाहीत. पहिल्या दिवशीचं पाणी ती न चुकता ओतून देते, त्याला "कच्चा वास" येतो म्हणते. त्यामागचं कारण मला पुस्तकी भाषेत ठाऊक होतं. सुरुवातीला पाण्यात सगळ्या प्रकारचे जंतू वाढतात, मग लॅक्टिक आम्ल तयार करणारे वरचढ होतात आणि आंबटपणा वाढला की बाकीच्यांना तिथं राहता येत नाही. मावशी हाच बदल नाकानं ओळखते. आणि ऊन जास्त असलं की ती पातेलं जिन्याखालून उचलून माठाच्या शेजारी, ओल्या फडक्यावर ठेवते. ते बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यीस्टला ऊब हवी असते, पण चाळीस अंशांच्या पुढे ते थकतं, वास बिघडतो. इथल्या बायकांनी माठाचा गारवा केव्हाचा हिशेबात धरलाय. माझ्या वहीत प्रत्येक कृतीपुढे दिवस लिहिलेले होते, अंश कुठेच नव्हते. त्या दिवशी मी वहीत नवा रकाना आखला.

चोपड्याहून शहादा म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. एसटीत उजवीकडची खिडकी धरायची. सातपुडा सतत सोबत असतो, धुरकट निळा. केळीचे मळे मागे पडतात, शिरपूर येतं, शहाद्याजवळ पपईच्या बागा सुरू होतात. शहाद्यात एका ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि पहाटे चारला त्या घरच्या दादांच्या जीपमधून डोंगराच्या पायथ्याकडे निघाले. त्यांच्या ओळखीचं एक पावरा आदिवासी कुटुंब होतं, त्यांच्या झाडांखाली मला न्यायचं ठरलं होतं.

मोहाचं फूल रात्री सुटतं आणि पहाटे गळतं. आम्ही पोचलो तेव्हा अंधार होता आणि टप टप आवाज येत होता. पाऊस सुरू होताना पहिले थेंब पडतात तसा, पण तुटक. उजाडलं तशी जमीन दिसू लागली. पिवळसर पांढरी, मण्यांसारखी गुबगुबीत फुलं. वास गोड आणि जरासा उग्र. घरातल्या आजी, सून आणि दोन मुली टोपल्या घेऊन वाकल्या होत्या. मीही वाकले. अर्ध्या तासात कंबर धरली आणि माझी टोपली तळ झाकण्यापुरती भरली.

ही झाडं जंगलात असली तरी बेवारस नाहीत. कुठलं झाड कुठल्या घराचं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. गौण वनोपजावरचा, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या अशा वस्तूंवरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानं कागदावर आणला, पण आजींना झाडाची वाटणी सासऱ्यांकडून कळली होती. म्हणून शहरातून येऊन रानातलं फुकट वेचून नेणं मला पटत नाही. मी वेचलेली फुलं त्यांच्याच ढिगात घातली आणि त्यातली दोन किलो विकत घेतली. आजींच्या झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली होती. काही ठिकाणी फुलं दिसावीत म्हणून पाचोळा पेटवतात, आणि तो वणवा वर डोंगरात जातो. "जाळलं तर पुढचं झाड कुठून येणार?" सून म्हणाली. झाडायला त्यांना रोज दोन तास लागतात.

शहरात मोह म्हटलं की लोकांना दारूच आठवते. या घरात मला मोह भाकरीत मिळाला, उकडून मिळाला, आणि भाजलेल्या फुलांत तीळ कुटून केलेला लाडू मिळाला. वाळलेल्या फुलाच्या निम्म्याच्या आसपास साखरच असते. पावसाळ्यात धान्य कमी पडायचं तेव्हा याच फुलांनी पोट भरलं, असं आजी सांगत होत्या. त्या बोलत असताना मुली फुलं पसरत होत्या. ओली फुलं टोपलीत तशीच राहिली तर संध्याकाळपर्यंत आंबतात, म्हणून लगेच उन्हात.

निवडायचं कसं तेही सुनेनं शिकवलं. वटवाघळांनी चावलेली फुलं बाजूला. आतली केसरं काढायची, नाहीतर घशात खवखवतात. मग तीन पाण्यांनी धुवायची, कारण वाळू चिकटलेली असते. वाटेत तिनं मला आणखीही झाडं-वेली दाखवल्या. पिकायला लागलेली टेंभुरं, हिरवी चारोळी, आणि वाळलेल्या शेंगांतून डोकावणारी गुंज, लाल आणि काळी, मुलांना उचलावीशी वाटणारी आणि विषारी. माझा रानातला नियम तेव्हापासून साधा आहे. तिथल्या माणसानं नाव सांगितल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, फोनवरच्या ॲपनं कितीही ठामपणे सांगितलं तरी.

त्यांच्याच अंगणात मी बाटली भरली. पाव किलो ताजी फुलं कुस्करून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात तासभर ठेवली, पंचानं गाळली, एका लिंबाचा रस, दोन चमचे आल्याचं विरजण. प्रयोग आजींना पसंत होता, आलं घालणं नव्हतं. मोहाला मोहाचाच वास हवा, हे त्यांचं मत. ते चुकीचं आहे असं मला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

तिथून सातपायरीचा घाट चढून तोरणमाळ, सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. यशवंत तलावाच्या काठावर वारा होता आणि रात्री चादर ओढून झोपले. चोपड्यात सात तासांत फुटणारी बाटली इथं रात्रभरात जेमतेम ताठ झाली. सकाळी बूच सैल केलं तर बारीक सुस्कारा. चव घेतली. गोडवा पुष्कळ शिल्लक, फेस नाजूक, आणि मागे सुक्या गवतासारखा वास. उन्हात घाईनं फसफसलेल्या पेयात असा वास मला कधी मिळाला नव्हता. विरजण तेच, वेळ मात्र दुप्पट. तलावाकाठी बसून मी वहीच्या नव्या रकान्यात पहिल्यांदा दोन आकडे शेजारीशेजारी लिहिले, आणि फार आनंद झाला.

त्याच दिवशी बेलफळाचाही प्रयोग केला. तो फसला. गराचा चिकटपणा इतका की फडक्यातून काही गळेना, आणि जे गळलं ते दुपारी फेसाचा गोळा होऊन वर आलं. ओतून दिलं. बेलाचं सरबतच करावं.

उतरताना मोहाची बाटली मांडीवर होती. प्रत्येक वळणागणिक हवा तापत गेली आणि बाटली हाताखाली कडक होत गेली. गार पाण्यात विरघळून बसलेला वायू उष्णतेनं सुटतो, यीस्टही जागं होतं. घाट संपेपर्यंत मी चार वेळा बूच सैल केलं. शहाद्यात बर्फ घेतला, थर्माकोलच्या डब्यात बाटली ठेवली आणि संध्याकाळी चोपडा गाठलं. उरलेली फुलं मावशीकडेच शिरक्यासाठी घातली, रुंद तोंडाच्या बरणीत, वर फक्त कापड. शिरका करणाऱ्या जंतूंना हवा लागते, तिथं बूच चालत नाही.

मावशीचे बिबडे तोवर थापून झाले होते. गच्चीवर तिच्या जुन्या साडीवर ओळीनं गोल गोल. तिनं माझ्यासाठी घाटा राखून ठेवला होता. मी पेल्यात मोहाचं पेय ओतलं, फेस वर आला आणि बसला. तिनं एक घोट घेतला, थांबली, दुसरा घेतला. मग आत गेली आणि भाजलेल्या जिऱ्याची डबी आणि मीठ घेऊन आली.

"आता पी," म्हणाली.