काळी एक

मास्तर गेले त्या दिवशी आमच्या गल्लीतले यंत्रमाग बंद होते. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला मागाची खटखट एरवी ऐकूच येत नाही. ती थांबली की मात्र कान बावरतात. त्या शांततेत मास्तरांच्या दारात बसलेले आम्ही शंभरेक जण, काय बोलावे हे न सुचून, एकमेकांच्या चपलांकडे पाहत होतो.

मास्तरांनी कित्येक वर्षे रोज संध्याकाळी आपल्या पुढच्या खोलीत पेटी शिकवली. फीचे विचारले की ते ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत आणि तो महिना कधी उजाडला नाही. त्यांच्या हाताखालून कोणी मोठा गवई निघाला असेही नाही. पण मुलीला पुढे शिकवावे की नाही, भावाशी अबोला किती दिवस धरावा, दारू सोडायची तर सुरुवात कुठून करावी, असले प्रश्न पलटे घोटता घोटता त्या खोलीत सुटत असत.

त्यांची पेटी जुनी होती. भात्याला दोन ठिकाणी ठिगळ होते आणि काळी एकची, म्हणजे सप्तकातली पहिली काळी, पट्टी एकदा दाबली की वर यायला कुरकुर करीत असे. ती अडकली की भाता चालेल तोवर तो सूर वाजतच राही. दुरुस्तीचा विषय निघाला की मास्तर म्हणत, ‘अरे, षड्ज फुकट मिळतोय, तुझं काय जातंय?’ (त्यांचा स्वतःचा आवाज काळी एकचाच होता, म्हणजे त्यांचा षड्ज, गाण्याचा पहिला सूर ‘सा’, त्याच पट्टीवर लागे, आणि हा योगायोग आहे असे त्यांना मुळीच वाटत नसे.)

त्यांचे पेटीवरचे प्रेम मात्र आंधळे नव्हते. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव केला होता, हे ते प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगत, आणि तो मज्जाव अगदीच अन्यायाचा नव्हता हेही सांगत. सप्तकाच्या पट्ट्या बारा. एका सुरावरून दुसऱ्यावर घरंगळत जाणारी मींड पेटीला जमत नाही, कारण दोन पट्ट्यांच्या मधे तिला पाय ठेवायला जागाच नसते. ‘ते गळ्यानं करायचं,’ मास्तर म्हणत, ‘आणि गळा घसरला की हिच्याकडे परत यायचं.’

दुसऱ्या दिवशी शोकसभा झाली. भाषणे अशी होती की नाव बदलून ती कोणासाठीही करता आली असती, आणि चौकातल्या फलकावर मास्तरांच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो अधिक होते. मास्तरांना त्याचे हसू आले असते. आम्हाला तेही आले नाही.

तिसऱ्या रात्री भजन ठेवले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी याच गावात कन्नड वचने रचली, त्यामुळे एका बैठकीत वचन, अभंग आणि तेलुगू पद होणे याचे सोलापुरात कोणाला नवल वाटत नाही. विड्या वळणाऱ्या एका अक्कांनी तेलुगू पद धरले. मास्तरांकडे त्या पन्नाशी उलटल्यावर शिकायला आल्या होत्या. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज फाटला आणि सुरावरून घसरत कुठल्याच पट्टीवर नसलेल्या जागी जाऊन थांबला. झांजा अडखळल्या. नेमकी त्याच वेळी पेटीची काळी एक अडकली. वाजवणाऱ्या मुलाने घाबरून बोट उचलले, तरी सूर चालूच. आणि मागून कोणीतरी हळूच म्हणाले, ‘फुकट मिळतोय.’ तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या घरात हसू फुटले. अक्काही डोळे पुसत हसल्या, त्यांनी तो सूर ऐकला, त्यावर गळा टेकवला आणि कडवे पुन्हा पहिल्यापासून घेतले.

त्या पदाचा अर्थ बैठकीतल्या निम्म्या लोकांना कळला नसावा. मलाही कळला नाही. म्हणून मला वाटते, त्या रात्री जो दिलासा मिळाला तो शब्दांचा नव्हता. रडताना माणसाचा आवाज कुठेही वाहवत जातो, आणि अशा वेळी ‘इथे ये’ एवढेच सांगणारा एक न हलणारा सूर खोलीत असला की बाकीचे गळे आपोआप त्याच्याभोवती गोळा होतात. पहाटे उठलो तेव्हा सगळ्यांचे आवाज बसले होते, पण बोलणे सुरू झाले होते: कोणाच्या घरून चहा आणायचा, सतरंज्या कोणाच्या, मास्तरांच्या बहिणीला सांगलीला सोडायला कोण जाणार.

पेटी कोणाकडे ठेवायची यावर अजून वाद चालू आहे. तूर्तास ती माझ्या घरी आहे. ती दुरुस्तीला न्यायची नाही, एवढ्यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले आहे.