‘रिपोर्ट क्लीन आहे’ म्हणजे नेमकं काय?

द्राक्षाचा हंगाम आला की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे, फळात फवारणीच्या औषधांचा अंश उरलाय का हे तपासून झालं की, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "लॅबचा रिपोर्ट क्लीन आला, विषय संपला." रिपोर्ट खोटा नसतो. पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो आणि आपण त्याच्यावर चार प्रश्नांची ओझी टाकतो.

लॅब द्राक्षं दळते, त्यातला थोडा भाग द्रावकात उतरवते आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, यादीतल्या औषधांचे रेणू शोधते. यादीतले! 2010 साली युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड सापडलं, म्हणजे आपलं लिहोसिन, खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखायला मारतात ते. इथे निर्यातीपूर्वी तपासायच्या यादीत ते नव्हतंच. म्हणजे मोजण्यात चूक झाली नव्हती, ते शोधलंच गेलं नव्हतं. शिवाय हा रेणू पाण्यात सहज विरघळणारा, नेहमीच्या एकत्रित चाचणीत नीट हाती लागत नाही. त्याला वेगळी चाचणी लागते.

आता रिपोर्टात आकड्याच्या जागी येणारं ‘बीएलक्यू’. याचा अर्थ शून्य नव्हे, तर खात्रीने मोजता येईल त्या पातळीच्या खाली. ही पातळी बहुतेक रेणूंसाठी 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो असते. आकडा आला तरी तो एक टोकदार बिंदू नसतो. युरोपातल्या लॅब साधारण 50 टक्के अनिश्चितता धरतात, म्हणजे 0.012 हा आकडा 0.006 ते 0.018 मध्ये कुठेही असू शकतो.

सॅम्पलमध्ये तर अजून घोळ. रस्त्याकडच्या ओळीतले, हाताला येतील ते घड तोडले की रिपोर्ट त्या घडांचा, प्लॉटचा नव्हे. फवारा कॅनोपीच्या, म्हणजे वेलीच्या पानांच्या मांडवाच्या, आत आणि बाहेर सारखा बसत नाही, म्हणून नागमोडी चालत, बांधालगतच्या ओळी सोडून, आतले-बाहेरचे, दोन्ही बाजूंचे अख्खे घड घ्यावे लागतात. आणि सॅम्पल दिल्यावर एक जरी फवारणी झाली, तरी तो रिपोर्ट जुन्या प्लॉटचा.

पण सगळ्यात मोठा गैरसमज एमआरएलचा, म्हणजे फळात औषधाचा जास्तीत जास्त किती अंश चालेल त्या कायदेशीर मर्यादेचा. ती विषाची रेघ नाही. लेबलप्रमाणे औषध मारून, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते तोडणी यांतले दिवस) पाळून फळात जास्तीत जास्त किती अंश राहील, यावरून ती ठरते. आरोग्याशी ती मग ताडून पाहतात. ते ताडणं असं: प्राण्यांवर ज्या मात्रेला काहीच दुष्परिणाम दिसला नाही, तिला 100 ने भागायचं. 10 प्राणी-माणूस फरकासाठी, 10 माणसामाणसांतल्या फरकासाठी. मात्रा 5 मिलिग्रॅम प्रति किलो वजन असेल तर 0.05; म्हणजे 60 किलोच्या माणसाला रोज 3 मिलिग्रॅम. भागाकार गणिताचा, पण 100 च का? तो माणसांनी सावधगिरी म्हणून ठरवलेला आकडा आहे. शहाणा आकडा आहे, पण यंत्राने दाखवलेला नाही.

म्हणून रिपोर्ट फाडा आणि गोमूत्र फवारा, असं नाही हं. उलट ‘विज्ञान सांगतं’ म्हणत दडपून बोलणारे दुकानदार आणि ‘रेसिड्यू फ्री’ (औषधाचा अंशच नाही) म्हणून दुप्पट भाव लावणारे, दोघांनाही एकच विचारावं: कोणती यादी, कोणती पातळी, कोणता सॅम्पल?

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ अल्विन वाइनबर्ग यांनी 1972 साली ‘100 च का?’ अशा प्रश्नांना ‘ट्रान्स-सायन्स’ असं वेगळं नाव दिलं: विज्ञानाला विचारता येतात, पण विज्ञानाने सुटत नाहीत ते. द्राक्षाचा रिपोर्ट त्यातले बरेच बाजूलाच ठेवतो. पंप पाठीवर घेऊन औषध कालवणाऱ्या मजुराच्या अंगावर किती उडालं, हे त्यात नाही. ते वेगळं मोजावं लागतं. आणि मोजल्यावर त्याच्या हातमोज्यांचा, मास्कचा, कमी केलेल्या फवारणीचा खर्च कोणी उचलायचा, हे कोणत्याच लॅबच्या कागदावर छापून येत नाही.