झेड-८०, भाग ९: शून्य ऑर शून्य बरोबर चव्वेचाळीस

तीन आठवडे गप्प होते. कारण सांगायला लाज वाटत होती. झेड-८० या जुन्या प्रोसेसर चिपचे मायक्रोस्कोपमधून फोटो काढून मी त्यावरून तिची नेटलिस्ट, म्हणजे कोणता ट्रान्झिस्टर कशाला जोडलाय याची यादी, बनवतेय आणि ती कॉम्प्युटरवर चालवून बघतेय. त्या नेटलिस्टमधला झेड-८० शून्य आणि शून्य यांचं ऑर (दोन्हींपैकी एक जरी बिट १ असला तरी उत्तर १) करून ४४ सांगत होता. हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे ४४. काल रात्री पावणेदोनला ते एकदाचं शून्य झालं. आज रविवार, म्हणून लिहायला बसले.

मागच्या भागात एएलयूचे, म्हणजे चिपच्या आकडेमोड करणाऱ्या भागाचे, चारही स्लाइस (एकेका बिटाचं काम करणारे सारखे तुकडे) फोटोवरून ट्रेस झाल्याचं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. 'आता फक्त टेस्ट चालवायच्या' असंही शेवटी ठोकून दिलं होतं. तर ती 'फक्त' टेस्ट अशी झाली: बेरीज पास, कॅरीसकट, म्हणजे हातच्यासकट. वजाबाकी पास. अँड पास, एक्सॉर पास. ऑरमध्ये मात्र आठ बिटी आकड्यांच्या ६५,५३६ जोड्यांपैकी २८,६७२ चुकीच्या.

पहिल्या रात्री मी टेस्ट चालवणाऱ्या पायथन प्रोग्रामवर संशय घेतला, दुसऱ्या रात्री स्वतःच्या डोळ्यांवर. तिसऱ्या रात्री तो आकडा जरा नीट बघितला. २८,६७२ म्हणजे ६५,५३६ चे बरोबर सात सोळांश. वेडीवाकडी चूक असती तर आकडा इतका गोळीबंद आला नसता. एखादा बिट ऑरमध्ये कायम १ राहत असेल, तर तो चारातल्या तीन वेळा आपोआप बरोबर ठरतो. असे दोन बिट असतील तर दोन्ही एकदम बरोबर असण्याचं प्रमाण नऊ सोळांश. उरले सात. उत्तरं छापून बघितली, तर बिट २ आणि बिट ६ (मोजणी ० पासून) प्रत्येक वेळी खिळा ठोकल्यासारखे १. दोन्ही मिळून ४४.

हे दोनच का, हे आपल्यातल्या बहुतेकांना एव्हाना कळलं असेल. आठ बिटी म्हणून मिरवणाऱ्या या चिपचं एएलयू चारच बिटी आहे. आधी खालचा निबल, म्हणजे चार बिट, त्यातून जातो, मग वरचा. म्हणजे बिट २ आणि बिट ६ एकाच घरात पाळीपाळीने राहतात. बसची एखादी तार चुकली असती तर दोघांपैकी एकच बिघडला असता. दोघं जोडीने बिघडले, म्हणजे घरातच गडबड, आणि तीही तिसऱ्या स्लाइसमध्ये. अख्ख्या शहरात हरवलेली किल्ली एका वाड्यात आहे एवढं तरी समजलं. त्या रात्री मी चक्क दहा वाजता झोपले.

दुसऱ्या दिवशी चारही स्लाइसचे फोटो इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये एकाखाली एक लावले. तिसऱ्यात एक रेघ जास्त! दोन मेटलच्या पट्ट्यांच्या फटीतून दिसणारी, बाजूच्या कंट्रोल लाइनपासून निघून डिफ्यूजन (सिलिकॉनमधली वीज वाहणारी पट्टी) ओलांडणारी बारीक रेघ. रंग पॉलीसारखा, म्हणजे गेट बनवणाऱ्या पॉलिसिलिकॉनसारखा, जाडी पॉलीसारखी. पॉलीने डिफ्यूजन ओलांडलं की ट्रान्झिस्टर, हे तर आपलं बाळबोध. मी ट्रेस करताना इमानेइतबारे तिथे ट्रान्झिस्टर काढला होता. खाली ओढणाऱ्या साखळीत एक कडी जास्त. ती कंट्रोल लाइन बेरजेच्या वेळी वर (१), ऑरच्या वेळी खाली (०). म्हणून ऑरमध्ये साखळी तुटते, नोड खाली येतच नाही, बिट १ राहतो. सगळं जुळत होतं. फक्त खरी चिप अशी वागत नाही, ही एक अडचण होती.

आणि मग माझ्या डोक्यात तो शब्द आला. सापळा.

फेडेरिको फॅजिन आणि राल्फ उंगरमान यांनी इंटेल सोडून १९७४ साली झायलॉग कंपनी काढली. तिकडून चिप डिझायनर मासातोशी शिमाही आले, आणि जुलै १९७६ मध्ये झेड-८० बाजारात आला. डायचा, म्हणजे चिपच्या आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याचा, फोटो काढून कोणीतरी नक्कल करणार, ही भीती त्यांना पहिल्यापासून होती. शिमांनी नंतर सांगितल्याप्रमाणे त्यांनी ले-आउटमध्ये सहा सापळे पेरले. दिसायला साधा एन्हान्समेंट ट्रान्झिस्टर (गेटवर १ आला तरच चालू होणारा), पण खाली डिप्लीशनचं इम्प्लांट (सिलिकॉनमध्ये मुरवलेली अशुद्धी), त्यामुळे गेटवर काहीही असो, तो कायम चालूच. इम्प्लांट आपल्या मायक्रोस्कोपला दिसत नाही. जो फोटोवरून नक्कल करेल त्याच्या सर्किटमध्ये एक खोटी अट घुसणार आणि चिप कुठेतरी भलतंच वागणार. या सापळ्यांमुळे नक्कल सहाएक महिने रखडली, असं जपानी एनईसी कंपनीच्या एका इंजिनिअरने आपल्याला सांगितल्याचं शिमांचंच म्हणणं.

आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मी त्या ट्रान्झिस्टरच्या जागी साधी तार टाकली आणि टेस्ट लावली. ६५,५३६ पैकी ६५,५३६. खुर्चीतून उठून मी घरभर फिरले. पन्नास वर्षांपूर्वी शिमांनी लावलेला सापळा माझ्या हातात! लगेच ठाण्याच्या काकांना फोन लावला. काकांनी ऐंशीच्या दशकात झेड-८० वर बोर्ड बनवलेत, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"अगं, चाळीत चार सारख्या खोल्या. त्यातल्या एकाच खोलीला खोटं कुलूप लावून चोर फसेल का? तो शेजारचं दार बघेल की."

"अहो काका, पण टेस्ट पास झाल्या ना."

"ट्रान्झिस्टर काढून टाकलास की पास होणारच. तो तिथे नसेल, तरी पास होणार."

फोन ठेवला आणि अर्धा तास काकांचा राग राग केला. मग पटलं. सापळा लावायचा तर जिथे तुलनेला शेजार नाही अशा एकांड्या गेटवर लावतील, चार भावंडांतल्या एकावर नाही.

खात्री करायची तर दुसरा डाय हवा. इथे एक गंमत सांगायलाच हवी. झायलॉगने २०२४ मध्ये झेड८४सी०० च्या, म्हणजे झेड-८० च्या नव्या, सीमॉस पद्धतीच्या चिपच्या, ऑर्डर घेणं थांबवल्यावर मी घाबरून एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पाच नग मागवले होते. छाप: सीमॉस, २० मेगाहर्ट्झ. ॲसिटोनचा बोळा फिरवला, तर छाप बोळ्यावर आणि चिप कोरी. मग ब्रेडबोर्डवर ईडी ७१ ची टेस्ट. ही कागदोपत्री नसलेली सूचना, जुन्या एनमॉस चिपवर पोर्टला ०० पाठवते आणि सीमॉसवर एफएफ, म्हणजे आठही बिट १. (आधी त्याच पोर्टला ५५ पाठवून बघा, नाहीतर दिवे विझले ते सूचनेमुळे की तुमच्या ढिल्या तारेमुळे, ते कळत नाही. मी एकदा फसलेय.) पाचपैकी चार नगांवर आठही एलईडी विझले. सरळ फसवणूक. पण तुलनेला मला हवे होते एनमॉसच! पैसे परत मागायला काढलेला मेल मी न पाठवता मिटवला. अशा विक्रेत्यांबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे, ते बदललेलं नाही. फक्त या खेपेला भांडायला तोंड नव्हतं. ज्यांना चिप चालवायची आहे त्यांनी मात्र पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला स्वतः जाऊन, हातात घेऊन, खरवडून बघूनच घ्यावी.

डीकॅप, म्हणजे डायवरचं आवरण काढणं, नेहमीसारखं राळेत उकळून. नवीन येणारे दर वेळी विचारतात म्हणून एकदाच लिहिते: काष्ठौषधीच्या दुकानात 'राळ' म्हणून मिळते ती शालवृक्षाची. माझी पहिली चिप मी त्यातच उकळली होती आणि नळीत नुसता फेस आणि काळा चिकटा झाला होता. आपल्याला हवी ती चीडाची, सोल्डरिंगवाल्यांकडे डबीत मिळते ती. तीनशे अंशांच्या वर उकळत ठेवायची, दोन-तीनदा बदलायची, एपॉक्सीचं काळं आवरण भुसभुशीत झालं की गार करून ॲसिटोन. हे सगळं बाल्कनीत, पंखा लावून, तोंडाला मास्क बांधून. शेजारच्या आजींनी कठड्यावरून विचारलं, "आज कसला होम?" त्यांना काय सांगणार. याच कामासाठी फ्युमिंग नायट्रिक ॲसिडचे गोडवे गाणाऱ्यांना पुन्हा एकदा नम्र नकार. ज्या घरात फ्यूम हूड (विषारी वाफ बाहेर ओढणारं कपाट) नाही तिथे ती बाटली येणार नाही.

दुसरा डाय स्वच्छ निघाला. एक कोपरा टवका उडून गेला, पण पॅडचा, आपल्या कामाचा नाही. तिसऱ्या स्लाइसवर नेला आणि बघितलं. रेघ नाही. फक्त डिफ्यूजन, सरळ, शेजारच्या तिघांसारखं.

मग पहिला डाय पुन्हा काढला. आधीचे सगळे फोटो १०एक्स भिंगाचे, हगिन या प्रोग्रामने जोडलेले. या वेळी ४०एक्स लावला. ४०एक्सला फोकसची खोली जेमतेम मायक्रॉनभर. पॉली स्पष्ट होती तेव्हा ती रेघ धूसर. चाक केसभर फिरवलं, तर रेघ स्पष्ट आणि पॉली धूसर. म्हणजे रेघ चिपमध्ये नव्हतीच, वरच्या संरक्षक काचेच्या थरावर पडली होती! त्या पहिल्या, शालवृक्षाच्या राळेतल्या उकळीत जळलेल्या एपॉक्सीचा एक केस, बरोबर कंट्रोल लाइनपासून सुरू होऊन डिफ्यूजनच्या पलीकडे संपणारा. इतक्या बेमालूम जागी की शिमांनाही हेवा वाटला असता. तीन आठवडे मी घाणीचं रिव्हर्स इंजिनिअरिंग करत होते.

चष्मेवाल्यांकडे असतं तसल्या अल्ट्रासोनिक टबात पाच मिनिटं टाकला, केस गेला. पहिल्याच दिवशी फोकसचं चाक केसभर फिरवलं असतं तर... जाऊ द्या. नेटलिस्टमधून तो ट्रान्झिस्टर पुसला, पुन्हा सगळ्या टेस्ट लावल्या. ऑर पूर्ण पास. पॅरिटी फ्लॅगही (उत्तरातले १ सम की विषम ते सांगणारा) आपोआप सुधारला, तो बिचारा चुकीच्या ऑरवर बरोबर उत्तर देत होता. पावणेदोन वाजता स्वतःला चहा करून दिला.

आता पुढचं. ठरलं होतं ते असं की एएलयू संपला की डीएए, म्हणजे दशमान बेरजेचं उत्तर दुरुस्त करणारी सूचना. हाफ कॅरी (खालच्या निबलमधून वर जाणारा हातचा) आधीच नीट येतेय, त्यामुळे ते फार छळेल असं वाटत नाही. पण हे लिहिताना मघापासून दुसरंच काही डोक्यात घोळतंय. मी हाताने जे केलं, एक ट्रान्झिस्टर काढून तार टाकली आणि टेस्ट पास होते का ते बघितलं, तेच प्रोग्रामला करायला सांगितलं तर? जिथे टेस्ट नापास होते तिथल्या साखळीतला एकेक ट्रान्झिस्टर पाळीपाळीने 'कायम चालू' धरायचा आणि कोणत्या बदलाने सगळं सुरळीत होतं ते नोंदवायचं. इम्प्लांट दिसत नसेल तर वागण्यावरून तरी सापळे पकडता येतील. अर्थात हीच पद्धत माझ्या एपॉक्सीच्या केसालाही आनंदाने सापळा म्हणेल. म्हणून दोन अटी: संशयित दोन वेगवेगळ्या डायवर दिसला पाहिजे, आणि ४०एक्सला पॉलीच्याच पातळीवर फोकस झाला पाहिजे.

आणि थांबा, दोन झायलॉगच कशाला? जुन्या बाजारातून आणलेल्या प्रिंटरच्या बोर्डावर एनईसीचा डी७८०सी, म्हणजे त्यांनी बनवलेला झेड-८०, आहे, गेले वर्षभर ट्रंकेत पडून. ज्यांना सापळे छळून गेले त्यांचीच चिप! त्यांनी ते ट्रान्झिस्टर तसेच उचलले, की कळल्यावर साधं डिफ्यूजन टाकलं? दोन्ही डाय शेजारी ठेवून जिथे फरक दिसेल तिथे आधी बघायचं. संशयितांची यादी प्रोग्रामकडून नाही, एनईसीकडूनच घ्यायची. डीएए थांबेल, तो कुठे पळून जातोय.

काकांना मेसेज टाकलाय, त्यांच्याकडे आणखी एखादा डी७८० असेल तर. एकच असताना राळेत टाकायला हात धजत नाही. सोल्डर काढून चिप मात्र आत्ताच बोर्डावरून सोडवली, एकही पाय न तुटता. खालच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलने '३ ओके' लिहून ठेवलंय.