मंगळागौरीचे बारा ब्लाउज

आषाढ सरत आला की दादर-गिरगावातल्या ब्लाउज शिवणाऱ्यांकडे एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं, मंगळागौरीचे खेळ करणाऱ्या बायकांचा ग्रुप. श्रावणातल्या मंगळवारांच्या सुपाऱ्या घेऊन झालेल्या असतात, नऊवाऱ्या आलेल्या असतात आणि ब्लाउज ‘परवाच हवेत’ असतात. यंदाच्या अशाच एका ऑर्डरीबद्दल लिहितेय. आपल्या अंगाबद्दल बायका काय काय धरून बसलेल्या असतात, ते त्या दुपारी कापडावर अगदी स्वच्छ दिसलं.

ग्रुपच्या काकूंनी दादरच्या हिंदमाता मार्केटातून बारा हिरवे खण आणले होते. एकेक तुकडा ८० सेंटिमीटरचा, पन्हा (कापडाची रुंदी) ३१ इंच. सोबत एक कागद. त्यावर ओळीने छातीचे आकडे, ३४ पासून पुढे, आणि सगळ्यात शेवटी ४४, त्याच्याभोवती लाल पेनाने गोल. “बाकीच्यांचं काही नाही, हिचंच जरा बघा,” काकू म्हणाल्या. कागदावरून कापणार नाही, सगळ्यांना रविवारी पाठवा, असं मी सांगितलं. हे ब्लाउज फोटोत उभं राहण्यासाठी नसतात. झिम्म्यात हात वर जातात, फुगडीत हातांची तिढी घालून सगळं अंग मागे झुकतं, गाठोड्यात पाय धरून गोल व्हायचं म्हणजे पाठ ताणता येईल तेवढी ताणली जाते. खण अजिबात ताणला जात नाही. बाई जिथे वाकेल तिथे कापड तरी पुरलं पाहिजे, नाहीतर शिलाई तरी सुटणार.

टेप अंगाला लागली की बाई पोट आत घेते आणि श्वास धरते. चौतीस मापाचीही घेते. असं माप इंच-दीड इंचाने कमी भरतं आणि घरी गेल्यावर हुक लागत नाहीत. म्हणून माप घेताना मी काहीतरी विचारत राहते. उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो. टेपखाली दोन बोटं जातील एवढी ढील ठेवायची. ब्लाउजखाली जी ब्रा घालणार तीच घालून यायचं, कारण ढिली पडलेल्या जुन्या ब्रावर माप घेतलं तर टकाची, म्हणजे छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुणीची, जागा खाली उतरते आणि नवी ब्रा घातल्यावर ब्लाउज समोर पोकळ दिसतो. आणि आकडा ओरडायचा नाही. कितीतरी दुकानांत मास्टर टेप लावून “बेचाळीस, छत्तीस” अशी हाळी देतो, कोपऱ्यातला पोरगा लिहून घेतो आणि बाकावर बसलेल्या चारजणी ऐकतात. या एका सवयीपायी बायका माप द्यायचं टाळतात आणि वर्षानुवर्षं तोच जुना मापाचा ब्लाउज पुढे करत राहतात. माझ्याकडे आकडा थेट चिठ्ठीवर जातो.

छातीची मापं मी तीन घेते. काखेतून, स्तनांच्या वरून जाणारी वरची छाती. भरलेल्या भागावरून मुख्य छाती. आणि छातीखालचा घेर. शिवाय खांद्यापासून स्तनाच्या टोकापर्यंतची उंची, दोन टोकांमधलं अंतर, पाठीची रुंदी, आणि हात कोपरात वाकवून दंड. सरळ लोंबत्या हाताचा दंड घेतला तर फुगडीत बाही काचते.

कागदावर ४० दोघींपुढे होते. एक शाळेत शिकवणाऱ्या ताई, दुसऱ्या शिवाजी पार्कच्या तलावावर रोज पोहणाऱ्या. शाळेतल्या ताईंची वरची छाती भरली ३६, छातीखाली ३३. पोहणाऱ्या ताईंची वरची ३९, छातीखाली ३६. मुख्य छाती दोघींची बरोब्बर ४०. शाळेतल्या ताईंचा गळा जन्मभर खांद्यावरून घसरत आलेला. ब्राच्या पट्टीला सेफ्टी पिन लावायची त्यांना इतकी सवय की पर्समध्ये पिनांची डबीच. “माझे खांदेच उतरते आहेत हो,” त्यांनी आल्याआल्या सांगून टाकलं. दुसरीचं म्हणणं, “माझी पाठ पुरुषी आहे, कुठलाच ब्लाउज टिकत नाही.”

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. मुंढा, म्हणजे बाही जोडायच्या गोलाईची खोली, काढायचा एक चालू हिशोब आहे, छातीचा सहावा भाग अधिक १ इंच. चाळीसला तो पावणेआठाच्या जवळ जातो. शाळेतल्या ताईंची हाडं मात्र छत्तीसची आहेत, त्यांना ७ इंच पुरतो. मुख्य छातीवरून मुंढा काढला, त्याच आकड्यावरून शोल्डर आणि गळाही काढला, की वरचा सगळा सांगाडा चाळीसच्या बाईचा होतो आणि तो छत्तीसच्या खांद्यांवर बसवला जातो. मग गळा घसरणार नाही तर काय! त्यांचे खांदे मी नीट पाहिले. उजवा डाव्यापेक्षा किंचित खाली होता, जो खांद्याला पिशवी लावून हिंडणाऱ्या कितीतरी बायकांचा असतो. उतरते वगैरे काही नाहीत.

त्यामुळे त्यांचा गळा, शोल्डर आणि मुंढा वरच्या छातीवरून काढला. चाळीसचे चार सारखे भागही केले नाहीत. पाठीचा पाव भाग ९ इंच, पुढचा पाव भाग ११. दहा-दहा केले असते तर पाठीत झोळ पडला असता आणि पुढे दोन हुकांमध्ये फट. पुढच्या बाजूला आलेलं जास्तीचं कापड चार टकांत वाटलं, खालचा सगळ्यात मोठा, मग बाजूचा, मुंढ्यातला आणि हूकपट्टीकडचा. सगळं एकाच टकात कोंबलं तर टोकाशी अणकुचीदार शंकू उभा राहतो. टक टोकापर्यंत न्यायचाही नाही. साधारण १ इंच आधी थांबवायचा, छाती भरलेली असेल तर दीड.

पोहणाऱ्या ताईंचं गणित उलटं. पाठ सव्वादहा, पुढचा भाग पावणेदहा, टक लहान. पुन्हा बेरीज चाळीसच. त्यांची पाठ फाटत नव्हती, पाठीला कापडच दिलं जात नव्हतं. दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून दाखवल्यावर शाळेतल्या ताई म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच कोणाचे तरी ब्लाउज घालत होते.” तसंच म्हणायचं.

काकूंचं स्वतःचं काम सोपं निघालं. साठीनंतर पाठीला थोडा बाक येतो, तिथे कापड जास्त लागतं आणि ब्लाउज मागून वर चढतो. त्या तो सारखा खाली ओढत असतात, हे मी बोलताबोलताच पाहिलं होतं. पाठीच्या मधोमध उंची पाऊण इंच वाढवली, मागच्या गळ्याशी दोन बारीक टक घातले, संपलं.

आता लाल गोलातल्या वहिनी. पार्ल्याहून आल्या होत्या, सगळ्यात शेवटी, आणि टेप लागायच्या आधीच म्हणाल्या, “माझा राहू द्या. मी काळा साधा घालते, कोणाचं लक्ष जात नाही. बारीक झाले की शिवू.” काकूंचाही तोडगा तयार होता: वहिनी मागे बसून सूप वाजवतील. बाकीच्या मुली मात्र कुजबुजल्या की फुगडीला वहिनींसारखा तोल ग्रुपात कोणाचा नाही.

पुढच्या वर्षीच्या अंगाचं माप मला घेता येत नाही, आज उभ्या आहात त्याचं घेते, असं म्हणून मी टेप लावली. मुख्य छाती ४४, वरची ४०, दंड १६. अंगावरचा ब्लाउज कोपरापर्यंत बाहीचा, ‘दंड दिसू नयेत म्हणून’. मुंढा मोजला तर ९ इंच खोल. आधीच्या शिंप्याने दंडाकडे पाहून तो मोकळा केला होता. खोल मुंढा म्हणजे मोकळा हात, हा समज बायकांमध्येही पक्का आहे आणि तो साफ उलटा आहे. मुंढा खोल असला की बाही अंगाला कंबरेच्या जवळ जोडली जाते. हात वर केला की ती बाही सगळी बाजू वर खेचते. काखेला लागून बसलेल्या मुंढ्यात हात उचलला तर फक्त बाही हलते, ब्लाउज जागेवर राहतो. दंडाला जी जागा लागते ती बाहीच्या रुंदीत द्यायची असते, मुंढ्यात नाही.

मांजरपाटाचा कच्चा ब्लाउज मी त्यांच्यासमोरच कापला. मुंढा पावणेआठ. बाहीची कॅप (वरच्या गोलाईची उंची) ४ इंचांवरून ३ वर आणली, म्हणजे बाही रुंद होते आणि हात वर जायला मोकळीक मिळते. हात खाली असताना काखेत एखादी घडी पडते, खेळाच्या ब्लाउजला ती चालते. दंडाला दीड इंच ढील. बाहीची लांबी ९ इंच, कोपराच्या वर, कारण वाकलेल्या कोपरात अडकणारी बाही पहिल्याच गिरकीला उसवते. बाही दंडाच्या सगळ्यात भरलेल्या जागी मात्र संपवायची नाही. तिथे आडवी रेघ आली की नजर नेमकी तिथेच थांबते.

कच्चे टाके घालून चढवला आणि म्हटलं, घाला फुगडी. कटिंगचं टेबल भिंतीला सरकवलं. वहिनी सावधपणे उभ्या राहिल्या, पोहणाऱ्या ताईंनी हात धरले. पहिल्या दोन गिरक्यांत वहिनींचा एक हात सारखा ब्लाउज खाली ओढायला सुटायला बघत होता. मग त्यांच्या लक्षात आलं की तो वर येतच नाहीये. त्यानंतर जी फुगडी रंगली, त्यात माझी इस्त्री स्टँडवरून खाली आली. थांबल्यावर मी चुण्या पाहिल्या. टोकाकडे धावणाऱ्या चुण्या असतील तर तिथे कापड कमी आहे. डाव्या बाजूला एक होती, तिथली बाजूची शिलाई पाव इंच सैल केली. पाठ स्वच्छ.

खरी अडचण पुढेच होती, कापडाची. ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. वहिनींची पाठ मांडली की पन्ह्यात जेमतेम पाच इंचांची पट्टी उरते आणि साडेपंधरा इंच उंची जाते. पुढचे दोन भाग, टक आणि हूकपट्टी धरून, ३१ इंचांचा पन्हा पुरता खातात आणि उरलेली उंचीही. बाह्यांना चिंधीसुद्धा नाही. खणाची बुट्टी उभीच ठेवावी लागते, त्यामुळे भाग आडवे फिरवून बसवायची सोय नाही. ‘मोठं माप बसत नाही’ म्हणतात ते पुष्कळदा एवढंच असतं: तुकडा ८० सेंटिमीटरचा कापायचं आधीच ठरलेलं असतं.

काकू म्हणाल्या, “मग हिच्या बाह्या दुसऱ्या कापडाच्या लावा.” ते मला पटलं नाही. अकराजणी एकसारख्या आणि एक वेगळी म्हटलं की सगळं सभागृह तिच्या दंडाकडेच बघणार. बाराही ब्लाउजना डाळिंबी रंगाच्या साध्या बाह्या लावू आणि टोकाला खणाच्या काठाची पट्टी, असं मी सुचवलं. ४४ इंच पन्ह्याचं कापड घेतलं तर वहिनींच्या मापाच्याही दोन बाह्या शेजारीशेजारी बसतात, प्रत्येकीला ३५ सेंटिमीटर पुरतं, बाराजणींना सव्वाचार मीटर. काकूंनी खर्चाचा हिशोब केला, तोंड थोडं वाकडं केलं, पण मुलींनी काठाची पट्टी दंडावर धरून पाहिली आणि प्रश्न मिटला. वहिनींनी फक्त विचारलं, “नऊच इंच ठेवणार ना?”

बाकीची कामं नेहमीची. टू बाय टू या सुती कापडाचं अस्तर रात्रभर पाण्यात टाकून, वाळवून, इस्त्री करून मगच कापलं. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचा खण फुगे धरतो. हुक पाचाऐवजी सहा, त्यातला एक नेमका टोकांच्या रेषेत, कारण फट तिथेच पडते. काखेच्या शिलाईवर दुहेरी मशीन. बाजूला दीड-दीड इंच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल असं जादा कापड, सोडली.

मोठ्या मापाला जादा शिलाई लावायची पद्धत आहे, ती मला मान्य नाही. मेहनत टकांची आणि अस्तराची असते, तेवढ्याचे पैसे घ्यावेत. शाळेतल्या ताईंचा ब्लाउज वहिनींच्या ब्लाउजपेक्षा जास्त वेळखाऊ होता.

पुढच्या श्रावणाचे खण घ्यायला जाताना काय बघायचं, ते काकूंना लिहून दिलंय. ३१ इंच पन्हा असेल आणि माप बेचाळीसच्या पुढचं असेल तर दीड मीटर घ्यायचा. एवढ्या पन्ह्यात दोन बाह्या शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक कापाव्या लागतात. दुकानदार घडी घातलेला तयार तुकडा पुढे करेल. तो घ्यायचा नाही, ताग्यातून कापून मागायचा.