तुम्ही विचारलंत म्हणून : आजोबांनी जग पाहिले होते का?

आजोबा बोटीवर होते असे कळले, की जो तो म्हणतो, ‘मग जग पाहिले असेल त्यांनी!’ आजवर ‘हो’ म्हणून मी विषय मिटवला; आज नीट उत्तर देतो.

1920च्या दशकात ते कोळशावर चालणाऱ्या मालवाहू बोटीवर डेकवरचे खलाशी होते. मुंबईत भरती होणाऱ्या बोटींवर डेकवर बहुधा रत्नागिरीकडची माणसे असत, खाली बॉयलरपाशी भट्टीत कोळसा टाकणारे पंजाबी नाहीतर पठाण आगवाले, आणि भटारखान्यात गोवेकर. भर समुद्रात गंज खरवडून शेंदूर लावायचा. बंदर आले की हॅचच्या, म्हणजे मालाच्या कोठारावरच्या तोंडाच्या, फळ्या काढायच्या आणि माल उचलणाऱ्या विंच यंत्रावर उभे राहायचे. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदराची त्यांची आठवण म्हणजे विंचचा खडखडाट.

सविस्तर असा त्यांनी एकच प्रसंग सांगितला. तांबड्या समुद्रात वारा मागून होता आणि त्याचा वेग बोटीइतकाच, त्यामुळे डेकवरून खाली हवा नेणाऱ्या मोठ्या तोंडाच्या नळांत झुळूकही शिरत नव्हती. रोजचा 25-30 टन कोळसा मात्र फावड्यानेच भट्ट्यांत जायचा होता. चार तासांच्या पाळीत मिरपूरकडचा एक तरुण आगवाला कोसळला. त्याला वर आणून अंगावर पाणी ओतत राहिले, पण सूर्य मावळण्यापूर्वी तो गेला. गुसल, म्हणजे मृताला घालायची आंघोळ, झाले, सारंगाने म्हणजे खलाशांच्या मुकादमाने जनाज्याची नमाज पढवली, आजोबांनी कॅनव्हास शिवला. पायांशी वजन म्हणून भट्टीच्या जाळीचे लोखंडी गज बांधले; सकाळी तो असल्याच गजांवरची राख झाडत होता. इंजिन थोडा वेळ थांबले. मग शेजारच्या आगवाल्याने स्वतःच्या भट्ट्यांबरोबर त्याच्याही सांभाळल्या, कारण वाफेचा दाब उतरू देऊन चालत नाही.

म्हणून आजोबांची कीव करू नका. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कितीतरी कमी होता, तरी दाभोळचे घर त्याच पैशांतून उभे राहिले आणि ते पुन्हा पुन्हा बोटीवर गेले. तरुणपणी मी याला वेठबिगारी म्हणत असे. आज तसे म्हणवत नाही. पण मागे खोताचे देणे असताना माणूस आपखुशीने जातो का, हा माझाच जुना प्रश्न मला अजून सोडत नाही.

मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात पहिल्या महायुद्धात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. हा आगवाला तर युद्ध संपल्यावर, कामावर मेला. तेव्हा जग पाहिले का, हे विचारू नका. हॅचवर ताडपत्री ताणून पाचरी कशा ठोकत, हे विचारा. ते मी हवा तितका वेळ सांगेन.