डी भाषेच्या डीडॉकमध्ये मराठी मॅक्रो: माझा अनुभव

डी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या, कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांची भरती-ओहोटी काढणाऱ्या मॉड्यूलची (कोडच्या फाइलीची) माहितीपानं मला मराठीत हवी होती. कोडमधल्या टिप्पण्यांवरून अशी पानं बनवायचं काम डीडॉक करतं आणि ते डीच्या डीएमडी या कंपायलरमध्येच असतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. कमांडमध्ये उणे आणि रोमन मोठा डी दिला की एचटीएमएल पान तयार. पानावर एकच इशारा वारंवार द्यायचा तर मॅक्रो करायचा, म्हणजे मजकुराच्या साच्याला एक नाव द्यायचं आणि हवं तिथे ते नाव लिहायचं.

मॅक्रोची व्याख्या दोन ठिकाणी लिहिता येते: मॉड्यूलच्या टिप्पणीत शेवटी 'मॅक्रोज:' या विभागात (हा शब्द आणि सगळी तयार नावं रोमन लिपीतच लिहायची), किंवा डीडॉक एक्स्टेन्शनच्या वेगळ्या फाइलीत. ती फाइल कमांडवर बाकीच्या फाइलींसोबत द्यायची. तुमच्या मॅक्रोचं नाव मात्र देवनागरीत चालतं.

बंदर = $1, ता. $2
टीप = ⚠ $0

मजकुरात $(बंदर हर्णै, दापोली) लिहिलं की पानावर 'हर्णै, ता. दापोली' येतं. नावं साधी ठेवावीत. ऱ सारखं अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं जाऊ शकतं. डोळ्यांना सारखं दिसलं तरी मॅक्रो जुळत नाही.

स्वल्पविरामाने मला सगळ्यात जास्त छळलं. टीपमध्ये आधी $0 ऐवजी $1 घातलं होतं. मग $(टीप उधाणाला पाणी जेटीच्या पायरीवर येतं, होडी आत बांधा) याचं पानावर 'उधाणाला पाणी जेटीच्या पायरीवर येतं' एवढंच उरलं. होडीचं काय करायचं ते गेलं! $1 म्हणजे पहिल्या स्वल्पविरामापर्यंतचा मजकूर, $2 त्यापुढचा, असं $9 पर्यंत. $0 म्हणजे सगळा मजकूर, आणि $+ म्हणजे पहिल्या स्वल्पविरामानंतरचं सगळं. त्यामुळे आधी छोटं शीर्षक आणि मग लांब वाक्य हवं असेल तर $1 आणि $+ ही जोडी वापरावी. नुसत्या वाक्याला $0.

दुसरा घोळ आपल्या क्रमांकांचा. टीपच्या आत '१) वेळ स्थानिक आहे २) उंची मीटरमध्ये आहे' असं लिहिलं, तर १ नंतरच्या कंसालाच मॅक्रो संपतो. पुढचा मजकूर ⚠ च्या बाहेर पडतो आणि दोन उजवे कंस अनाथ राहतात. कंपायलरचे इशारे चालू ठेवले तर तो या कंसांबद्दल बोलतो, पण खरी चूक आधीच्या कंसात असते. मी आता '१.' लिहितो, कंस हवाच असेल तर आरपॅरेन हा तयार मॅक्रो आहे. जोडीने आलेल्या कंसांचा त्रास नाही.

व्याख्या लांबली तर पुढच्या ओळीवर नेता येते. मात्र त्या ओळीची सुरुवात 'शब्द =' अशी झाली तर तिथे नवा मॅक्रो सुरू होतो, आणि 'शब्द:' अशी झाली तर नवा विभाग. शब्द एक जागा मागेपुढे करून ओळ मोडली की झालं.

एकच नाव दोन्हीकडे असेल तर कमांडवरच्या फाइलीतल्या व्याख्येवर मॉड्यूलमधली व्याख्या मात करते. सामायिक फाइल बदलूनही एखादं पान जुनंच दिसत असेल, तर त्या मॉड्यूलच्या टिप्पणीतला 'मॅक्रोज:' विभाग बघा.

मॅक्रोची व्याख्याच सापडली नाही तर डीडॉक एरर देत नाही. तो मॅक्रो आतल्या मजकुरासकट पानावरून गायब होतो. एका कमांडवर डीडॉकची फाइल द्यायची राहिली आणि त्या पानावरचे सगळे इशारे गेले. बाकी पान अगदी व्यवस्थित, म्हणून लवकर कळलंही नाही. मला ही डीडॉकची सगळ्यात वाईट खोड वाटते. यावर उपाय आहे: डीडॉक_अनडिफाइन्ड_मॅक्रो या नावाचा मॅक्रो (रोमन मोठी अक्षरं, मधे अंडरस्कोर) आपणच लिहायचा. त्यात $1 मध्ये न सापडलेलं नाव येतं आणि $+ मध्ये त्याचा मजकूर. मी त्याची व्याख्या '❌ $1: $+' अशी केली. अर्थात ही ओळ त्या विसरल्या जाणाऱ्या फाइलीत ठेवून उपयोग नाही. डीएमडीच्या कॉन्फिग फाइलीत डीडॉकफाइल या सेटिंगने एक कायमची फाइल जोडता येते, तिथे ती ठेवली. आता पानं तयार झाली की त्यांत ❌ शोधतो.